दिवाडचा विद्यार्थी रोम नगरींत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांतून शिक्षणार्थ दूरदेशीं निघणाऱ्या आमच्या मुलांस आम्ही मातेउस द कास्त्रो यांचें चरित्र सांगतों. गोव्यांतील दिवाड बेटावरील ब्राह्मणकुळांतले हे ख्रिस्ती तरुण. एतद्देशीय म्हणून गुरुदीक्षेची वाट स्वदेशीं अडली, तेव्हां ते १६२५ सालीं रोमला पोहोंचले. नगर परकें, आप्त कोणी नाहीं. परंतु वेदीवरील लॅटिन मिस्सा गोव्यांतलाच! तोच त्यांचा आधार झाला. धर्मप्रसार मंडळाचे चिटणीस इंगोली यांनीं त्यांस पाठबळ दिलें. गुरुदीक्षा मिळून १६३७ सालीं ते लॅटिन विधींतील पहिले भारतीय बिशप झाले व विजापूर राज्यासाठीं नेमले गेले. विद्यार्थ्यांनो, परदेशीं उतरतांच प्रथम तेथील देवमंदिर शोधा. प्रभूच्या वेदीपाशीं कोणीहि परका नसतो.