हिरवं दिसतं म्हणून

सिंधुदुर्गातली रेडी आणि हद्दीपलीकडची डिचोली-साखळी, लोहखनिजाच्या एकाच पट्ट्यातली. १९५०च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, गोव्याचं खनिज बोटी भरभरून जपानला जाऊ लागलं. टनभर खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड निघतो. त्याचे डोंगर झाले. गंमत (गंमत कसली!) अशी, की वरची सुपीक माती बियांसकट ढिगाच्या तळाशी गेली आणि खालचा मुरूम वर आला. पावसात तो वाहून शेतांत यायचा.

तो धरून ठेवायला सरसकट अकेशिया लावला गेला, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. गुरं खात नाहीत, मुरमात झपाट्याने वाढतो, हवेतला नत्र धरतो. माती बऱ्यापैकी थांबली, हे मान्यच. साखळीच्या जुन्या खाणीत पुढे बांबू, काजूही आले. पण अकेशियाचा पाचोळा लवकर कुजत नाही. त्या थरातून आपलं करवंद, कुंभा सहसा वर येत नाही.

हे सांगायचं कारण, मालवणची आमच्या सड्यावरची बंद चिरेखाण. भावकीत घाटतंय, अकेशिया लावून मोकळं होऊ. काका, रागावू नका, पण मला ते पटत नाही. जवळच्या राईतली ओंजळ-ओंजळ माती खड्ड्यांत घालून ऐन, किंजळ, कुंभा लावूया. पहिली काही वर्षं बोडकंच दिसेल. दर दिवाळीला लावलेली किती जगली ते मोजूच, पण न लावता काय उगवलं तेही वहीत लिहायचं. वही मी आणतो.