काटकसरीच्या पोटी वैभव

काटकसर आणि वैभव यांचे नाते सामान्यतः विरोधाचे मानले जाते. मोटारींच्या इतिहासात मात्र वैभव काटकसरीच्याच पोटी जन्मल्याचे एक ठळक उदाहरण आहे : फोक्सवागनची 'बीटल' आणि पोर्शे '९११'.

फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या बीटलची किंमत नाझी राजवटीने ९९० मार्क ठरविली. सामान्य माणसाने दर आठवड्यास पाच मार्कांचे तिकीट पुस्तिकेत चिकटवावे आणि रक्कम पुरी होताच गाडी न्यावी, अशी १९३८ ची योजना. सुमारे ३,३६,००० जणांनी तीत पैसे भरले. १९३९ मध्ये युद्ध पेटले. कारखान्यातून लष्करी वाहने निघू लागली, हजारो वेठबिगार तेथे राबविले गेले आणि पैसे भरणाऱ्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. १९४५ नंतर मेजर आयव्हन हर्स्ट या ब्रिटिश अधिकाऱ्याने उद्ध्वस्त कारखाना पुन्हा चालू केला, तेव्हा कोठे ही गाडी लोकांपर्यंत पोहोचू लागली.

तिचे इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. पाणीच नसल्याने ते हिवाळ्यात गोठण्याची भीती नाही. चाकांपर्यंत शक्ती नेण्यास लांब दांडाही नको. ही सारी युक्ती खर्च वाचविण्याची. फर्डिनांड यांचे पुत्र फेरी यांनी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे बीटलचेच भाग वापरून '३५६' ही वेगवान मोटार बांधली. १९६३ मध्ये फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात तिची वारसदार ९११ अवतरली. तिला रूप दिले ते नातू फर्डिनांड अलेक्झांडर यांनी. इंजिनाची जागा तीच, थंड करण्याची रीतही तीच. मात्र सिलिंडर चाराचे सहा झाले आणि युद्धोत्तर बीटलच्या २५ अश्वशक्तीच्या जागी १३० अश्वशक्ती आली.

मागच्या भाराने वळणावर गाडीची शेपटी घसरते. मंद बीटलमध्ये हा दोष सहसा खपून जाई. वेगवान ९११ मध्ये तो चालकाची परीक्षा पाही. तरीही इंजिनाची जागा न बदलता अभियंत्यांनी अनेक दशके खपून तो दोष काबूत आणला. हवेने थंड होणारी शेवटची ९११ १९९८ मध्ये निघाली. शेवटची मूळ बीटल जुलै २००३ मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला येथे. तोवर बीटलची संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती.

आजोबांची कल्पकता नातवाच्या हाती वारशाने आली. पुस्तिकेत तिकिटे चिकटविणाऱ्यांना मात्र आपल्या हक्कासाठी न्यायालयात जावे लागले आणि १९६१ च्या तडजोडीत नव्या गाडीवर सवलत किंवा अल्प रोख रक्कम, एवढेच पदरी पडले. ९११ चे वैभव पाहताना त्या पुस्तिकांचेही स्मरण ठेवणे न्यायाचे होईल.