गाडी जागच्या जागी

१९७६ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने 'नाइट ड्रायव्हर' नावाचं यंत्र आणलं. नाणं टाकायचं, स्टिअरिंग धरायचं, गिअर टाकायचा आणि अंधाऱ्या रस्त्यावरून गाडी हाणायची. गंमत अशी, की पडद्यावर ना रस्ता होता ना गाडी. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठोकळ्यांच्या दोन रांगा पुढे सरकत यायच्या. जवळ येताना ते ठोकळे मोठे होत आणि कडेने निसटून जात. ते रस्त्याकडेचे खांब. रस्ता त्यांच्या मधल्या काळोखात आहे, असं खेळणाऱ्याने समजून घ्यायचं. आणि गाडी? ती प्लास्टिकवर छापून पडद्याच्या तळाशी बसवलेली होती. स्टिअरिंग कितीही गरागरा फिरवा, ती तसूभरही हलत नसे.

रात्र निवडण्यात मोठी हुशारी होती. दिवस दाखवायचा तर झाडं, डोंगर, आभाळ काढावं लागणार. ती ताकद त्या यंत्रात नव्हती. अंधारात काहीच दिसत नाही, याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

तशी ही लबाडी अशा यंत्रांत कॉम्प्युटर येण्याच्याही आधीची. १९६८ साली जपानच्या कॅस्को कंपनीच्या 'इंडी ५००' या यंत्रात रस्ता गोल चकत्यांवर रंगवलेला असे. चकती फिरे, दिव्याच्या उजेडात तिचं चित्र पडद्यावर पडे आणि रस्ता पळाल्यासारखा वाटे. जुन्या हिंदी सिनेमात नायक-नायिका स्टुडिओतल्या उभ्या गाडीत बसून गाणं म्हणतात आणि मागच्या पडद्यावर मरीन ड्राइव्ह धावतो, त्यातलाच प्रकार. गाडी जागच्या जागी, जग मात्र पळतंय. 'नाइट ड्रायव्हर'नंतरची पंधरा वर्षं रेसिंगचे कितीतरी खेळ याच एका युक्तीवर चालले.

युक्ती समजून घ्यायची तर जुन्या टीव्हीची काचेची नळी आठवावी लागेल. ती अख्खं चित्र एका दमात दाखवत नाही. इलेक्ट्रॉनचा झोत एकेक आडवी रेघ ओढत वरून खाली उतरतो. खेळ बनवणाऱ्यांनी नेमकी हीच खोड कामाला लावली. क्षितिजाजवळच्या रेघेत रस्ता चिमूटभर रुंद, तिच्या खालच्या रेघेत किंचित जास्त आणि तळाशी पडदाभर. झाला सरळ रस्ता. वळण हवं असेल तर रेघा बाजूला सरकवायच्या: तळाची अजिबात नाही, तिच्या वरची एक ठिपका, मग तीन, मग सहा. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून अंगठ्याने तिरका ढकलावा, तसं. कडेच्या हिरवळीला फिक्या आणि गडद पट्ट्या द्यायच्या आणि त्यांचे रंग भराभर पुढे सरकवायचे, की आला वेग. रेघा वर ताणल्या की चढ, दाबल्या की उतार.

गाडी मात्र कधीच वळत नसे. वळण आलं, की प्रोग्रॅम वेग आणि वळण यांचा हिशोब करून तिला बाहेरच्या बाजूला ढकले आणि खेळणारा स्टिअरिंग उलट फिरवून त्या धक्क्याशी झुंजत राही. त्याला वाटे, आपण काय सफाईने वळण घेतलं! प्रत्यक्षात त्याने नुसती ढकलाढकली थोपवलेली असे.

या युक्तीला खरी शर्यत दिली ती नामको कंपनीच्या 'पोल पोझिशन'ने, १९८२ मध्ये. ट्रॅक जपानमधल्या खऱ्याखुऱ्या फुजी स्पीडवेचा, मागे फुजी पर्वत, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक. आधी पात्रता फेरी पार करायची, मगच शर्यत. आत १६ बिटचे दोन प्रोसेसर होते. घरोघरीचे कॉम्प्युटर तेव्हा बहुतेक ८ बिटवरच भागवत होते.

पण या कलेचा कळस गाठला सेगा कंपनीच्या यू सुझुकी यांनी. १९८५ च्या 'हँग-ऑन'मध्ये खेळणारा चक्क मोटरसायकलवर बसे आणि वळणावर अंगाने तिला कलवे. पुढच्याच वर्षी 'आउट रन' आला. सुझुकींच्या डोक्यात आधी अमेरिका आडवी पार करण्याची कल्पना होती. तो देश फार अफाट आणि मधे फार मोकळा म्हणून त्यांनी युरोप धरला आणि भाड्याच्या गाडीने तिथे भटकून आले. खेळात लाल फेरारी, शेजारी सोनेरी केसांची मैत्रीण, निघण्याआधी रेडिओवर तीनपैकी एक सूर निवडायचा. मागे टाकायला एकही प्रतिस्पर्धी नाही, फक्त रहदारी आणि घड्याळ. रेसिंगच्या खेळातून शर्यतच काढून टाकायला धाडस लागतं.

यातली तांत्रिक करामत जवळून बघण्यासारखी आहे. झाड किंवा फलक लांबून जवळ येताना मोठा होत जाणं हे काम सेगाच्या बोर्डावरची खास सर्किटंच करत. सुझुकींनी नंतर सांगितलं, की आपले हिशोब पहिल्यापासून त्रिमितीतच होते: प्रत्येक वस्तू किती लांब आहे, हे आधी ठरवायचं आणि मग ते गणित सपाट चित्रात उतरवायचं. रस्त्यासाठी तर वेगळं हार्डवेअर होतं, आणि ते एक नाही तर दोन रस्ते काढू शके. शेवटचा सोडला, तर प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे जायचं की उजवीकडे ते ठरवावं लागतं. तिथे ते दोन रस्ते एकमेकांपासून सुटे होतात. एरवी सहा पदरी रुंद दिसणारा रस्ता म्हणजे तेच दोन रस्ते एकमेकांना भिडवून मांडलेले. एकूण टप्पे पंधरा, पण एका फेरीत बघायला मिळतात पाचच.

घरच्या यंत्रांना हे झेपणं कठीण होतं. झाड मोठं करणारी सर्किटं नाहीत, म्हणून एकाच झाडाची लहान-मोठी चित्रं साठवायची आणि ती पटापट बदलायची. झाड उड्या मारत जवळ येई. स्क्वेअर कंपनीने १९८७ च्या 'रॅड रेसर'मध्ये वेगळीच शक्कल लढवली: एक बटण दाबलं, की चित्र लाल-निळं होई आणि पुठ्ठ्याचा चष्मा लावून खेळायचं. या खेळाचा प्रोग्रॅम लिहिणारे नासिर गेबेली यांनीच त्याच वर्षी 'फायनल फँटसी'चाही प्रोग्रॅम लिहिला.

महाराष्ट्रात हा रस्ता पोचला तो उशिरा आणि आडवाटेने. नव्वदच्या दशकात निन्टेंडोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या नकला घरोघरी आल्या, 'अमुक हजार इन वन' असं छापलेल्या कॅसेटींसकट. त्यांत 'रोड फायटर' हमखास असे, पण तो वरून दिसणारा सपाट खेळ. त्याच यादीत कुठेतरी निन्टेंडोचा १९८४ चा 'एफ-१ रेस' दडलेला असे, आणि तो लावला की टीव्हीवर क्षितिजाकडे निमुळता होत गेलेला तोच रस्ता दिसे.

१९९० च्या 'एफ-झिरो'ने रेघांचा खेळ एक पाऊल पुढे नेला. फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमला एक अख्खं सपाट चित्र फिरवता आणि लहान-मोठं करता येई. दर रेघेला ते प्रमाण बदललं, की सतरंजी पसरावी तसा ट्रॅक डोळ्यांपुढे आडवा होई. आता वळताना जग खरंच गोल फिरायचं. चढ-उतार मात्र गेले. सतरंजीला टेकाड कुठून येणार?

१९९२ मध्ये सेगाच्याच 'व्हर्चुआ रेसिंग'ने हा सगळा संसार मोडीत काढला. गाडी, डोंगर, पूल सगळं बहुभुजांनी घडवलेलं. पुढ्यात चार बटणं, प्रत्येक बटणाने बघण्याची जागा बदले: चालकाच्या डोळ्यांतून, पाठीमागून, आणखी मागून, थेट उंचावरून. आउट रनमध्ये हे शक्यच नव्हतं. तिथे वर जाऊन बघायला काही नव्हतंच. रस्ता पडद्यावरच्या रेघांपुरता होता. तरीही आज दोन्ही शेजारी लावून बघितले, तर व्हर्चुआ रेसिंगचे कोनाकोनांचे डोंगर जुनाट वाटतात आणि आउट रनचा समुद्रकिनारा अजून ताजा दिसतो. हातांनी रंगवलेलं चित्र होतं ते.

सुझुकींनी एकेका रंगवलेल्या झाडापाठीमागे साठवलेला अंतराचा हिशोब पुढे कामाला आला. २०१४ साली जपानमध्ये 'थ्रीडी आउट रन' निघाला, तो निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रासाठी. त्याच्या पडद्यावर चष्म्याशिवाय खोली दिसते. बाजूची पट्टी वर सरकवली, की नारळाची झाडं गाडीच्या बरीच पुढे उभी राहतात आणि ढग त्यांच्याही पलीकडे जातात.