द्रव्यांची ताठरता
द्रव्यांची ताठरता : भाराखाली आकार बदलण्यास पदार्थ करीत असलेला विरोध. भार काढल्यावर मूळ आकार परत मिळण्याचा गुण वेगळा (पहा : स्थितिस्थापकता).

रॉबर्ट हुक यांनी 1678 मध्ये भार व ताणले जाणे यांचे समप्रमाण प्रसिद्ध केले. टॉमस यंग यांनी 1807 मध्ये गुणांकाची कल्पना मांडली. प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) भागिले विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात लांबीतील बदल) म्हणजे यंग गुणांक. तो गिगॅपास्कलमध्ये साधारणतः असा : पोलाद 200, ॲल्युमिनियम 70, एम-25 काँक्रीट 25, कडक पीव्हीसी 3; ठिबकच्या मऊ नळ्यांचे पॉलिएथिलीन 0.5 हून कमी. ताठरता म्हणजे बळकटी नव्हे : साधे व उच्च बळाचे पोलाद यांचा गुणांक जवळजवळ सारखाच असतो.

जळगाव हे पीव्हीसी पाइप व ठिबक सिंचन साहित्याच्या उत्पादनाचे मोठे केंद्र असल्याने (पहा : जैन, भवरलाल, ठिबक सिंचन) प्लॅस्टिकची ताठरता खानदेशात थेट शेतीशी निगडित आहे. पाइप मातीच्या दाबाने चपटा होऊ नये हे गुणांकाइतकेच भिंतीच्या जाडीवर अवलंबून असते. व्यास तोच ठेवून जाडी दुप्पट केल्यास ही ताठरता सुमारे आठपट होते. तापमान वाढते तसा पीव्हीसीचा गुणांक घटतो. पाइपचा दाबवर्ग 27° से. ला ठरवतात, तर जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 40° से. च्या वर जातो. त्यामुळे उघड्यावरच्या पाइपला कमी दाब व कमी अंतरावर आधार द्यावे लागतात. मोजक्या आधारांवर उन्हात रचलेले पाइप दीर्घकाळात कायमचे वाकतात (पहा : विसर्पण).