गाडीचा नंबर लागेपर्यंत

जानेवारी १९८२. अकलूजशेजारी यशवंतनगरच्या साखर कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलीय. तुमच्या गाडीचा नंबर दिवस मावळल्याशिवाय काही लागत नाही. तू अकरा वर्षांचा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलास, शाळा गावातच राहिली. बाप गाडीखाली पटकूर टाकून आडवा झालाय. मळीचा वास मागे टाकत तू अकलूजच्या पेठेत शिरतोस.

वाचनालयाच्या दाराशी पाटी आहे. अक्षरं लावत वाचतोस: मुक्तद्वार. तरी पाय पायरीवरच अडतात.

"कुठला रं तू?" टेबलामागचे गृहस्थ चष्म्यावरून बघतात.

"तोडीवाल्यांचा."

"हात धुऊन ये आन् बस."

पुस्तक घरी न्यायचं तर वर्गणी, अनामत आणि गावातल्या कुणाची तरी ओळख लागते. तुझ्याकडे तिन्हींतलं काही नाही. तुझा पत्ता म्हणजे माळावरची पाचटाची कोपी. हंगाम संपून पट्टा पडला की तीही मोडायची. पण बाकावर बसून वाचायला इथं पत्ता लागत नाही.

पाचटानं चिरलेल्या बोटांनी तू पेपर ओढतोस. मुंबईच्या गिरण्या बंद आहेत. दत्ता सामंतांच्या मागे लाखो कामगार संपावर गेलेत. तू ती बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचतोस. मजुरी मुकादम सांगेल तीच, असं आजवर ऐकत आलास. ती भांडूनही मागतात, हे तुला इथं कळतं.

मग ते गृहस्थ एक पुस्तक पुढं सरकवतात. 'उपरा', लक्ष्मण माने. साहित्य अकादमीचा १९८१ चा पुरस्कार याच पुस्तकाला. लिहिणारा फलटण तालुक्यातला, म्हणजे नीरेच्याच काठाकडचा. आत कैकाड्यांचं बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव चाललंय, आईबाप टोपल्या विणतायत, आणि पोरगं त्यातूनच शाळा गाठतंय. आपल्यासारख्यांचं असं छापून येतं? तू पान उलटून बघतोस. वाचनालयाचा जांभळा शिक्का तिथंही आहे, बाकीच्या पुस्तकांवर असतो तसाच.

"न्यायचं नाही बरं का. उद्या येऊन पुढचं वाच."

उद्या, परवा, गाडी रांगेत असेल तेव्हा तू येतोस. वाचण्याचा सराव होतो, तशी काट्यावरची पावतीही तू बापाच्या हातातून घेऊ लागतोस. टन किती, उचलीतले फिटले किती, हे सगळ्या टोळीसमोर मोठ्यानं वाचतोस.

मुकादम तुला दटावतो. पण त्या हंगामापासून हिशेब सांगताना त्याला वही उघडावी लागते.