खडकवासला जलाशय

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी मुठा नदी अडवून केलेला जलाशय. स्वारगेटपासून सिंहगड रस्त्याने सुमारे १७ किमी. खडकवासला गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत आले.

दगडी धरणाचे काम १८६९–७९ या काळात झाले. इंग्रज अभियंता फाईफ याच्या नावावरून जलाशयाला पूर्वी ‘लेक फाईफ’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपली स्वयंचलित दारे प्रथम याच धरणावर बसवली. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ती आपोआप उघडत आणि पूर ओसरला की मिटत. भिंत न उंचावता सुमारे ८ फूट जादा पाणी साठवणारी ही योजना भारतीय अभियांत्रिकीतील मानाचे पान आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचीही भिंत फोडली आणि पुण्यात हाहाकार उडाला. धरण नंतर पुन्हा बांधण्यात आले.

क्षमता अवघी १.९७ टीएमसी. वरच्या पानशेत, वरसगाव व टेमघर धरणांचे पाणी येथूनच शहराला व कालव्याला जाते. पावसाळ्यात जलाशय चटकन भरतो. विसर्ग वाढला की शहरात भिडे पूल पाण्याखाली जातो.

उत्तर काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे राखीव रान असल्याने तेथे मुक्त प्रवेश नाही, आणि त्यामुळेच तिकडची झाडी टिकली आहे. पर्यटकांचा राबता दक्षिण काठाला. धरणाजवळच्या चौपाटीवर भाजलेली कणसे व कांदाभजी मिळतात; पावसाळी रविवारी मात्र वाहतूक तासन्‌तास तुंबते. पाणी निवांत पाहायचे तर आठवड्यातल्या एखाद्या सकाळी गोऱ्हे, खानापूरच्या बाजूने पानशेत रस्त्याने पुढे जावे. हिवाळ्यात उथळ काठांवर चक्रवाक उतरतात. डोणज्यावरून सिंहगड चढल्यास जलाशयाचा पूर्ण विस्तार नजरेत येतो. माझ्या मते या परिसराचे सर्वांत सुंदर दर्शन तेच.

काठ वरून शांत दिसला तरी आत गाळ आहे व खोली एकाएकी वाढते. येथे बुडून अनेकांचे प्राण गेले आहेत. पोहण्यासाठी पाण्यात उतरू नये. हेच पाणी पुण्याच्या नळांना येते, म्हणून काठावर गाड्या धुऊ नयेत आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा.