इंदापूरची मोजणी आणि गावाची शीव सांगणारा माणूस

१/ मुंबई इलाख्यात टिकून राहिलेल्या जमीन मोजणीचा आरंभ पुणे जिल्ह्यातील इंदापुरात झाला. या इतिहासात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची नावे ठळक आहेत. गावाची शीव ज्यांच्या स्मरणात जिवंत होती, त्या ग्रामसेवकांची नावे मात्र आढळत नाहीत. हा धागा त्यांच्याविषयी. 🧵

२/ पेशवाई संपल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. तिच्यावर आधारलेला सारा इतका जड ठरला की शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. इंदापुरात शेते ओस पडली. म्हणून १८३५ मध्ये तेथे नव्याने पाहणी सुरू झाली आणि १८३६ पासून नवी आकारणी लागू झाली.

३/ या पद्धतीत ३३ फुटांच्या साखळीने जमीन मोजत. ३३ फूट लांब व तितकेच रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. मातीचा रंग व खोली पाहून प्रत ठरे आणि सारा ३० वर्षांसाठी कायम होई. पुढे हीच पद्धत बारामती ज्यात होती त्या भीमथडी तालुक्यात आणि नंतर इलाखाभर गेली.

४/ कागद नवा होता. गावाचे ज्ञान जुनेच होते. शीव कोठून कोठे जाते, हे सांगण्याचा मान परंपरेने महार वतनदाराचा. शिवेचा तंटा झाला तर त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. सारा भरण्यासाठी रयतेला चावडीवर बोलावणे, वसूल कसब्याला पोचवणे, सरकारी टपाल नेणे आणि गावाची राखण करणे ही कामेही त्याचीच.

५/ मग हा सरकारी नोकर होता काय? काम सरकारचे, पण पगार सरकारी तिजोरीतून नव्हता. थोडी वतनी जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते, एवढाच मोबदला. गावाशी वाद झाला की बलुते बंद होई. शिवाय सेवेचा भार एका माणसावर नव्हे, साऱ्या कुटुंबावर असे. वेळ-अवेळ पाहिली जात नसे.

६/ बारामती तालुक्यातील सुपे १८७५ च्या सावकारविरोधी उठावामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, मुंबई सरकारने वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला. त्यात पाटील-कुलकर्णी यांच्याखालच्या ग्रामसेवकांचा वर्ग वेगळा राहिला. तेव्हाच्या कायदेमंडळात निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. मग या सेवकांच्या बाजूने बोलणार कोण?

७/ तो आवाज उठायला ५४ वर्षे लागली. १९२८ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. तेही तेथे निवडून नव्हे, तर सरकारनियुक्त सदस्य म्हणून बसले होते.

८/ विधेयकाचा आशय साधा होता. बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरावी आणि ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी. कर्तव्ये कोणती, हे निश्चित व्हावे. ज्याला सेवा नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी. दयेवर मिळणाऱ्या धान्याऐवजी हक्काचे वेतन, हे त्याचे सार. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

९/ स्वातंत्र्यानंतर वतने गेली, पण एकाच वेळी नव्हे. परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. कनिष्ठ ग्रामवतनांचा १९५८ चा, तो अमलात आला १ ऑगस्ट १९५९ रोजी. कुलकर्ण्याचे दप्तर पगारी तलाठ्याकडे गेले. महार वतनदाराची कामे कोतवालाकडे आली आणि त्याला मिळाले ते मानधन.

१०/ वेतन आणि मानधन या दोन शब्दांतील अंतर मोठे आहे. वेतनाबरोबर वेतनश्रेणी, बढती आणि निवृत्तीनंतरचा आधार येतो. मानधनाबरोबर तो आपोआप येत नाही. म्हणूनच कोतवालांच्या संघटना चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याचा दर्जा वर्षानुवर्षे मागत आल्या आहेत. अलीकडे तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, कोतवाल 'महसूल सेवक' झाले. पदनाम बदलणे हा सन्मानाचा एक भाग खरा. पण सेवेचा दर्जा पदनामाने ठरत नाही, नियमांनी ठरतो.

११/ इंदापूरच्या मोजणीने जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला, प्रत दिली, ३० वर्षांची शाश्वती दिली. त्याच जमिनीची शीव राखणाऱ्या माणसाच्या श्रमाची प्रत मात्र कोणी ठरवली नाही. ठरलेले काम, ठरलेला मोबदला आणि आपल्या बाजूने बोलणारा प्रतिनिधी, ही १९२८ मधील मागणी होती. गावच्या जुन्या दप्तरातील सारा आणि सर्व्हे नंबर वाचताना, तो वसूल पायी चालत कसब्याला कोणी नेला, हेही विचारावे. 🙏